आणखी एक वर्ष



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत आपल्या प्रभूनें सांगितलेला निष्फळ अंजिराचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. धनी तीन वर्षें फळ पाहावयास आला, त्यास कांहीं मिळालें नाहीं, तेव्हां तें झाड तोडून टाकावें असें त्यानें माळ्यास सांगितलें. माळ्यानें मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागितली. या दाखल्यावर आम्हीं आजवर पुष्कळ वेळां उपदेश केला आहे, आणि बहुतेक वेळां धन्याच्या रागावरच अधिक बोललों आहों. माळी त्या एका वर्षांत काय करणार होता, इकडे आमचें लक्ष फारसें गेलें नव्हतें. तें लक्ष एका दुसऱ्याच झाडानें वेधलें. तें झाड म्हणजे आपल्या रानांत आंब्याफणसांवर वाढणारी सीतेची वेणी. शहरांतले लोक या जातीच्या वनस्पतींस ऑर्किड म्हणतात. मराठींत त्यांस आमरी असें नांव आहे.

पाळकानें फुलझाडांविषयीं लिहावें काय, असें कोणास वाटेल. ज्या विल्यम केरी साहेबांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यांतून १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर पडला, ते वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणते होते. श्रीरामपुरास त्यांनीं स्वतःची मोठी बाग केली होती, व शेती आणि बागाईत यांच्या सुधारणेसाठीं १८२० सालीं कलकत्त्यास एक सभा स्थापिली होती. आपल्या रानांतल्या कुंभ्यास शास्त्रांत केरिया म्हणतात, तें नांव त्यांच्यावरूनच पडलें आहे. देवाच्या वचनाचें भाषांतर करणाऱ्या त्या हातांस मातीचा विटाळ झाला नाहीं. तर मग आम्हीं एका झाडाची हकीकत सांगितली, तर वाचक ती ऐकून घेतील अशी आशा आहे.

सात वर्षांपूर्वीं श्रावणांत आमच्याकडे मोठें वादळ झालें, व प्रार्थनामंदिरामागच्या जुन्या फणसाची एक फांदी मोडून पडली. सकाळीं आमचे उपदेशक मास्तर ती सरपणासाठीं तोडावयास गेले, तों तिजवर जाड, पट्ट्यासारख्या पानांची एक वनस्पति घट्ट बसलेली दिसली. ते ती घेऊन आमच्या ओटीवर आले व म्हणाले, "पाळकसाहेब, हें बांडगूळ जाळावें कीं ठेवावें?"

गांवांत झाडावर जें जें उगवतें त्यास बांडगूळ म्हणण्याची चाल आहे. पण खरें बांडगूळ निराळें. तें दुसऱ्या झाडाच्या सालींतून आंत शिरतें आणि त्याचा रस ओढून घेतें. आमरी तसें करीत नाहीं. ती फांदीवर केवळ बसावयापुरती जागा मागते. पावसाचें पाणी, वाऱ्याबरोबर येणारी धूळ, सालीच्या खांचेंत कुजलेला पाचोळा, एवढ्यांतून ती आपला निर्वाह करिते, आणि आपल्या हिरव्या पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपलें अन्न आपणच तयार करिते. फणसाचें ती कांहीं खात नाहीं.

हें मास्तरांस सांगतांना आम्हांस आमच्याच लोकांची आठवण झाली. आपल्या वाडवडिलांनीं प्रभूचा स्वीकार केला तेव्हां, हे भाकरीसाठीं बाटले, हे मिशनच्या झाडावरचे बांडगूळ, असें त्यांस म्हणणारे थोडे नव्हते. ज्यांनीं तो शब्द सोसला त्यांच्या लेकरांनीं तरी दुसऱ्यास तो लावूं नये. परंतु मंडळींत एखादें कुटुंब दोन वर्षें वर्गणी देऊं शकलें नाहीं, किंवा एखादा मनुष्य उपासनेंत मागें बसून लवकर निघून गेला, कीं आपण त्याचें मूळ न पाहतांच त्याचें नांव ठरवून मोकळे होतों. ती वनस्पति आम्हीं ठेवून घेतली. तिला तिचें खरें नांव दिलें, हें आमच्या हातून झालेलें पहिलें व पुष्कळ दिवसांपर्यंत एकमेव चांगलें काम होय. पुढें तीन वर्षें आम्हीं चुकाच केल्या. त्या येथें सांगतों, कारण त्यांतूनच शिकलों.

पहिल्या वर्षीं आम्हीं तिला मातीच्या कुंडींत लाविलें. खालीं काळी माती, वर शेणखत, आणि सकाळसंध्याकाळ तांब्याभर पाणी. वांग्यामिरच्यांस जें मानवतें तें हिलाही मानवेल, असा आमचा समज. दोन महिन्यांत खालचीं पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. पाणी कमी पडलें असें समजून आम्हीं तें वाढविलें. शेवटीं उपटून पाहतों तों मुळें काळीं व मऊ झालेलीं. बोटानें ओढतांच त्यांची साल निघून येई व हातांत नुसता दोरा राही.

या वनस्पतीच्या मुळांवर स्पंजासारखें एक आवरण असतें. पाऊस पडतांच तें पाणी शोषून घेतें व हिरवट दिसूं लागतें. वाळलें म्हणजे पुन्हां रुप्यासारखें पांढरें होतें. त्या मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. भिजणें आणि सुकणें, पुन्हां भिजणें आणि पुन्हां सुकणें, हा त्यांचा श्वासोच्छ्वास आहे. ओल्या मातींत त्यांस पुरणें म्हणजे मनुष्याचें तोंड दाबून त्यास पाणी पाजण्यासारखें आहे.

मग आम्हीं कुजलेलीं मुळें स्वच्छ कात्रीनें कापून टाकिलीं, दोन दिवस तिला सावलींत सुकूं दिलें, आणि फणसाच्या त्याच फांदीच्या तुकड्यावर काथ्यानें बांधून ओटीच्या वळचणीस टांगिलें. ज्यांस कुंडींतच लावावयाची असेल त्यांनीं बाजूंसही भोंकें असलेली कुंडी घ्यावी, व मातीऐवजीं लांकडी कोळशाचे, विटेचे व नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावे. दोनएक वर्षांत सोडणाचा भुगा होतो व तो ओल धरून बसतो. म्हणून फुलें येऊन गेल्यावर, नवीं मुळें फुटूं लागतांच, तें बदलावें. मुळें पांढरीं दिसूं लागल्यावर पाणी द्यावें, हिरवीं असतां देऊं नये. पाणी सकाळीं द्यावें, म्हणजे पानांच्या बेचक्यांत सांचलेलें पाणी रात्रीपूर्वीं सुकतें. तें तसेंच राहिल्यास शेंडा कुजतो, आणि या जातीचा शेंडा कुजला तर झाड बहुधा हातचें जातें.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतल्या श्रीमंत लोकांस आमरींचें वेड लागलें. उष्ण देशांतून त्या गलबतांनीं आणाव्या, व कांचेच्या बंद घरांत शेगडीच्या उष्णतेनें आणि वाफेनें कोंडून ठेवाव्या, अशी तेथली रीत होती. उष्ण देशचें झाड म्हणून त्यास जितकी उष्णता द्यावी तितकी थोडीच, असें त्यांस वाटे. हजारों झाडें मेलीं. त्यांतल्या कित्येक जाती थंड डोंगरांवरच्या, वाऱ्यांत झुलणाऱ्या होत्या, हें कोणी विचारलेंच नाहीं. पुढें चॅट्सवर्थ येथील माळी जोसेफ पॅक्स्टन यानें बंद घरांत मोकळी हवा खेळूं दिली व उष्णता बेतानें ठेविली. त्यानें १८३५ सालीं जॉन गिब्सन नांवाच्या आपल्या हाताखालच्या माळ्यास आपल्या देशांतल्या खासी टेकड्यांकडे पाठविलें, व तो १८३७ सालीं पुष्कळ आमरी घेऊन परतला. जें झाड जेथें वाढतें तेथली हवा कशी आहे हें आधीं जाणावें, हा धडा त्या देशाच्या माळ्यांस अनेक वर्षांनीं व अनेक झाडें मारून मिळाला.

उपदेशक बंधूंनों, आपणही एकाच मापानें सर्वांस पाणी घालतों. ज्या घरीं दारूचें संकट आहे तेथें, ज्या घरीं कर्जाचें संकट आहे तेथें, ज्या घरीं नुकतें मरण झालें आहे तेथें, आपली शिकवण एकच, प्रार्थना एकच, आणि रागावणेंही एकच. तें घर कोणत्या हवेंत वाढलें हें विचारावयास आपण थांबत नाहीं. न विचारतां घातलेलें पाणी मुळें कुजवितें.

दुसऱ्या वर्षीं झाड सांवरलें. नवीं मुळें फुटलीं, पानें गर्द हिरवीं झालीं. येणारा प्रत्येक पाहुणा वाहवा करी. परंतु मृग आला, रानांतल्या वेण्या फुलून ओसरल्या, आणि आमच्या झाडावर कळी दिसली नाहीं. तेव्हां रानांतल्या झाडाकडे आम्हीं नीट पाहिलें. त्याचीं पानें आमच्या झाडाइतकीं गर्द नव्हतीं. तीं पोपटी, थोडीं पिवळसर होतीं. आमची ओटी उत्तरेकडची, वर पत्र्याचें पुढें आलेलें छप्पर. गर्द पान डोळ्यांस सुंदर दिसतें, पण आमरीच्या बाबतींत तें उजेड कमी पडल्याची खूण आहे. पान पिवळसर हिरवें असावें. त्यावर तांबूस झांक फार चढली किंवा पांढरे करपलेले डाग पडले, तर ऊन फार झालें. दुपारीं पानाच्या वर हातभर अंतरावर आपला हात धरावा: सांवली पडलीच नाहीं तर उजेड कमी; कडा ठळक काळ्या दिसल्या तर ऊन जास्त; सांवली दिसते पण कडा पुसट आहेत, तर बरोबर. दुकानांत मिळणारी फॅलेनॉप्सिस नांवाची आमरी याहून कमी उजेडावर भागविते; सीतेची वेणी मात्र बराच उजेड मागते. आम्हीं ती पूर्वेच्या बाजूस, सकाळचें कोंवळें ऊन येईल अशा ठिकाणीं हालविली, तीही एकदम नव्हे, तर पंधरा दिवसांत थोडीथोडी. कारण सावलींतलें पान एकाएकीं उन्हांत नेलें तर भाजतें.

मंडळींतही असें गर्द हिरवेपण असतें. उपासना वेळेवर, गीतें तोंडपाठ, नेहमींचीं प्रार्थनेचीं वाक्यें अस्खलित. आणि शेजारच्या घरीं उपास पडला आहे याची वार्ता नाहीं. पाहुण्यास अशी मंडळी फार आवडते. परंतु जी मंडळी सदा छपराखालीं राहिली, जिला गांवच्या विहिरीवर, बाजारांत, परक्याच्या दुःखांत उभें राहण्याचा प्रसंग आला नाहीं, तिला पानें पुष्कळ येतात आणि फूल येत नाहीं.

तिसऱ्या वर्षीं आम्हीं खतावर भर दिला. ठिबकाच्या पाण्यांतून सोडावयाचें १९:१९:१९ हें विद्राव्य खत आपल्या शेतकरी बंधूंस परिचित आहे. तें आम्हीं शेतीच्या मापानें, मुठीच्या अंदाजानें, पाण्यांत कालविलें व आठवड्यांतून दोन वेळां घातलें. महिन्याभरांत मुळांचीं हिरवीं टोंकें काळीं पडलीं, व काथ्यावर पांढरें मीठ जमलें. ज्या झाडाचें अन्न म्हणजे पावसाच्या पाण्यांतला किंचित् अंश, त्यास आम्हीं मेजवानी वाढली होती. याचें योग्य माप असें: वाढीच्या दिवसांत, म्हणजे नवीं पानें व मुळें फुटत असतां, आठवड्यांतून एक वेळ, एक लिटर पाण्यांत सुमारें अर्धा ग्रॅम, म्हणजे चार लिटरांस दोन ग्रॅम. खतापूर्वीं मुळें साध्या पाण्यानें ओलीं करावीं. कोरड्या मुळांस खत भाजतें. महिन्यांतून एक वेळ नुसत्या स्वच्छ पाण्यानें सर्व धुवून काढावें, म्हणजे सांचलेलें मीठ निघून जाईल. वाढ थांबली कीं खतही थांबवावें. नत्र जास्त झाल्यास पानें माजतात व फूल मागें राहतें, हें तर कापूस व वांगी लावणाऱ्यांस सांगावयास नकोच.

येथें आम्हांस आमच्या एका पापाची कबुली द्यावयाची आहे.

त्याच वर्षीं आमच्या मंडळींतल्या एका तरुणाचें प्रकरण पंचांपुढें होतें. त्यास आम्हीं लहानपणापासून शिकविलें होतें; पुढें तो रविवारच्या शाळेंत मुलांस शिकवीत असे. त्याचे वडील मोठ्या दुखण्यानें गेले, डोक्यावर कर्ज राहिलें, आणि तो आईस घरीं ठेवून ऊसतोडीस गेला. परत आला तो मंदिरांत येईना. आम्हीं त्याच्या घरीं दर आठवड्यास जाऊं लागलों. गेलों कीं वचन वाचावें, दोष दाखवावा, प्रार्थना करावी व उठावें. एका आठवड्यास तर दोन वेळां गेलों. एके दिवशीं आम्ही अंगणांत पाऊल टाकीत असतांना तो मागच्या दारानें निघून जातांना आम्हांस दिसला. त्याची आई दारांत उभी राहून म्हणाली, "पाळकसाहेब, तो घरीं नाहीं." तिनें खाली मान घातली होती. आम्हांस राग आला, आणि त्या रागांतच, तीन वर्षें गैरहजर म्हणून त्याचें नांव पटावरून कमी करण्याचा ठराव आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिला. नाताळानंतरच्या सभेंत तो यावयाचा होता.

त्याच सुमारास, कार्तिकांत, ओटी झाडतांना त्या टांगलेल्या झाडास आमचें डोकें लागलें, तेव्हां आम्ही म्हणालों, "हें आतां टाकून द्या. तीन वर्षें झालीं." पाळकीणबाई म्हणाल्या, "अहो, यास तुम्हीं तीन वर्षांत एकदां तरी स्वस्थ बसूं दिलें आहे का? आणखी एक वर्ष राहूं द्या, पण तुम्ही हात लावूं नका." दाखल्यांतल्या माळ्याचे शब्द आपण कोणाविषयीं बोललों हें त्यांच्या ध्यानीं आलें नसेल. आमच्या मात्र आलें, व आम्ही कांहीं बोललों नाहीं.

त्यांनीं केलें तें इतकेंच. मुळें धुवून काढिलीं. खत बंद केलें. थंडी पडतांच पाणी उतरविलें: पानें सुरकुतूं नयेत इतपत, चारपांच दिवसांनीं सकाळीं एक शिंपण. रात्रीच्या गारव्यांत तें तसेंच बाहेर राहूं दिलें. आम्ही दोन वेळां तांब्या घेऊन गेलों, आणि दोन्ही वेळां आम्हांस परत पाठविण्यांत आलें.

हा विसांवा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. फुलण्याची ती तयारीच आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं व ईशान्येच्या डोंगरांत डेंड्रोबियम नोबिले म्हणून एक आमरी होते. थंडींत तिचें पाणी तोडलें, तिला गारवा व उजेड दिला, तर वसंतांत तिच्या कांडीच्या पेरांपेरांवर फुलें येतात. परंतु माळ्यास दया येऊन त्यानें थंडीभर पाणी व खत चालूं ठेविलें, तर ज्या डोळ्यांतून फुलें यावयाचीं त्यांतूनच लहानलहान रोपें फुटतात, व फुलें येत नाहींत. फॅलेनॉप्सिसला कोरडेपणा नको, पण तिलाही फुलाचा दांडा काढावयास सुमारें महिनाभर रात्रींचा गारवा, १६ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरणारा, मिळाला तर फार उपयोगी पडतो. जिला बारा महिने एकसारखें उबेंत ठेविलें, ती पानांवर पानें काढीत बसते.

पौषांत सभा भरली. ठरावाचा कागद आमच्या खिशांत होता. तो आम्हीं वाचला नाहीं; हें प्रकरण आणखी एक वर्ष राहूं द्यावें, असें आम्हीं पंचांस सांगितलें. एका वडील पंचांनीं कारण विचारलें. आम्हीं म्हणालों, "चूक झाडाची कीं माळ्याची, हें अजून आम्हांस कळलेलें नाहीं." त्यानंतर चार महिने आम्हीं त्या घरीं उपदेश केला नाहीं. एकदां त्याच्या आईस ताप आला तेव्हां औषध पोंचवून परत आलों. एकदां तो एकटाच गवताच्या पेंढ्या माळ्यावर चढवीत होता, तेव्हां खालून पेंढ्या देत उभे राहिलों. तो बोलला नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. पाळकास गप्प राहणें किती जड जातें, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

ज्येष्ठाच्या आरंभीं एके सकाळीं पाळकीणबाईंनीं हांक मारली. खालच्या पानांच्या बेचक्यांतून एक हिरवा दांडा निघाला होता. पंधरवड्यानंतर ती वेणी पुरी उमलली: हातभर लांब, शंभराच्या वर फुलें, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके. आसामांत याच फुलास कपौ म्हणतात, व तेथल्या मुली बिहूच्या सणांत तें केसांत माळितात. आमच्या ओटीवर मुलें रांग लावून पाहावयास आलीं. त्या वेणीचें आयुष्य दोनतीन आठवड्यांचें. तेवढ्यासाठीं आम्ही तीन वर्षें रागावलों होतों.

त्या तरुणाविषयीं वाचक विचारतील. असें लिहितां आलें असतें कीं तोही त्याच रविवारीं मंदिरांत आला. पण तें खरें नाहीं. तो अद्याप दर रविवारीं येत नाहीं. परंतु मागील वर्षीं पावसापूर्वीं मंदिराचीं कौलें फिरवावयाचीं होतीं, तेव्हां तो न बोलावतां शिडी घेऊन आला, व दिवसभर छपरावर राहिला. संध्याकाळीं खालीं उतरल्यावर त्यानें विचारलें, "साहेब, रविवारच्या शाळेचीं मुलें हल्लीं किती आहेत?" एवढेंच. आम्हीं संख्या सांगितली. त्याचें नांव पटावर आहे. त्या वर्षीं तें कापलें असतें, तर ती शिडी कोणत्या दारानें आंत आली असती?

एक गोष्ट आणखी सांगावयाची आहे, ती बीजाची. आमरीच्या एका बोंडांत धुळीसारखें बारीक बीं लाखांनीं असतें. पण ज्वारीच्या दाण्यांत कोंबासाठीं जशी शिदोरी बांधलेली असते, तशी या बियांत जवळजवळ नसतेच. बीं रुजतें कसें हें कोडें फार वर्षें सुटलें नव्हतें. १८९९ सालीं नोएल बर्नार्ड या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञानें शोधून काढिलें कीं, एक सूक्ष्म बुरशी त्या बियांत शिरून त्यास अन्न पुरविते, तेव्हांच तें रुजतें. १९२२ सालीं अमेरिकेंतल्या लुईस नड्सन यांनीं साखर व क्षार घातलेल्या खळीवर, बुरशीवांचून, बीं रुजवून दाखविलें. आज दुकानांत जीं रोपें मिळतात त्यांची पैदास त्या वाटेनें शक्य झाली. तरीही बियापासून फुलापर्यंत बहुधा तीन ते सात वर्षें लागतात.

नवा विश्वासी असाच शिदोरीवांचून येतो. त्याच्या घरीं शास्त्राचें वाचन नाहीं, आजीनें शिकविलेली प्रार्थना नाहीं, आणि भाऊबंद तर विरुद्ध. लाखांतलें एक बीं रुजतें, तें कोणी अदृश्यपणें त्याच्याशीं आपली भाकर वांटून घेतो म्हणून. उपदेशकाचें काम बहुतांशीं हेंच आहे: कोणास न दिसतां पोसणें, आणि सात वर्षें वाट पाहणें. मिशनच्या अहवालांत त्यास रकाना नाहीं. देवाच्या वहींत आहे.

हें वाचून कोणी रानांत जाऊन झाडांवरच्या वेण्या ओरबाडून आणूं नये, अशी हात जोडून विनंति आहे. १८५० सालीं जोसेफ हूकर नांवाच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानें खासी टेकड्यांत निळ्या वांडा आमरीचीं सात माणसांचीं ओझीं गोळा केलीं. त्यांतलीं फार थोडीं झाडें इंग्लंडांत जिवंत पोंचलीं. रानांतलें झाड घरीं आणलें कीं बहुधा मरतें, आणि रानही उघडें पडतें. वाऱ्यानें पडलेल्या फांदीवर सांपडलें तर उचलून शेजारच्या जिवंत झाडावर बांधावें. घरीं हवें असेल तर रोपवाटिकेंत वाढविलेलें घ्यावें. माणसांविषयींही हेंच. एखाद्यास त्याच्या आईबापांतून, गांवांतून व भाषेंतून उपटून आपल्या ओटीवर शोभेस टांगणें, यास धर्मप्रसार म्हणत नाहींत. तो जेथें आहे तेथेंच फुलावा, हें प्रभूच्या अधिक मनास येतें.

वर्षाअखेर जवळ आली म्हणजे प्रत्येक मंडळींत पट तपासला जातो. पंचांनीं व उपदेशकांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं, ज्याचें नांव कापावयाचें त्याच्याविषयीं चार प्रश्न आपल्या मनास विचारावे. याच्या मुळांस हवा मिळाली काय, कीं आम्हीं त्यास आमच्याच मातींत पुरलें? यास उजेड मिळाला काय, म्हणजे कांहीं काम, कांहीं विश्वास, कांहीं जबाबदारी, कीं आम्हीं त्यास सावलींतच ठेविलें? यास अन्न त्याच्या मापानें दिलें काय, कीं आमच्या रागाच्या मापानें? आणि याच्या दुःखाच्या दिवसांत आम्हीं यास विसांवा दिला काय? या चारांपैकीं एकाचेंही उत्तर जर आपणांवर उलटत असेल, तर लेखणी खालीं ठेवावी व एक वर्ष मागून घ्यावें.

अंजिराच्या दाखल्याचा शेवट प्रभूनें सांगितला नाहीं. पुढल्या वर्षीं फळ आलें कीं नाहीं, हें शुभवर्तमानांत नाहीं. पूर्वीं आम्हांस ती उणीव वाटे. आतां वाटतें कीं, तो शेवट माळ्याच्या हातीं सोंपविला आहे. आणि हेंही विसरूं नये कीं, आपणांपैकीं प्रत्येकासाठीं कोणी तरी असेंच एक वर्ष मागून घेतलें आहे, म्हणूनच आपण आज उभे आहों.

हे दयाळू पित्या, ज्यांस आम्हीं न समजतां पाणी घातलें, ज्यांस न समजतां तोडावयास निघालों, त्यांची क्षमा आम्हांस मिळूं दे. आमच्या हातांस माप दे, आमच्या जिभेस विसांवा दे, आणि तुझ्या बागेंतलें जें झाड आम्हांस वठलेलें दिसतें, त्याच्यासाठीं तुजपाशीं आणखी एक वर्ष मागण्याची बुद्धि दे. ख्रिस्त येशूच्या नांवानें मागतों. आमेन.